सेटलमेंट झालं, तरी सिबिलमध्ये थकबाकी पुन्हा पुन्हा का दिसते?

क्रेडिट कार्डाची थकबाकी तडजोडीने मिटवली, ठरलेली रक्कम भरली, बँकेचं पत्रही हातात आहे, आणि तरी सिबिलसारख्या, लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये तेच कार्ड थकीत दिसतंय. तक्रार केली की महिनाभर नीट दिसतं. मग गृहकर्जाला अर्ज केला की बँकेतून फोन येतो, "सिबिलमध्ये अजून ओव्हरड्यू येतंय, फाईल होल्डवर ठेवतोय." गृहकर्जाच्या फायली तयार करणं हे माझं रोजचं काम आहे आणि अडकलेल्या फायलींमध्ये हा प्रकार सतत दिसतो. पैसे भरून मोकळ्या झालेल्या माणसाचं घर एका चुकीच्या नोंदीपायी हातचं जाऊ नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

मुख्य मुद्दा आधी सांगते. रिपोर्ट सिबिलचा असला तरी त्यातला मजकूर बँकेने पाठवलेला असतो. तलाठ्याकडे फेरफार झाला नसेल तर सेतू केंद्रातून सातबारा कितीही वेळा काढला तरी जुनंच नाव छापून येतं, तसंच इथे होतं. सिबिलकडे तक्रार करून एका वेळेपुरती नोंद सुधारते, पण बँकेच्या कार्ड सिस्टीममध्ये बाकी तशीच राहिली असेल तर बँक पुढच्या वेळी माहिती पाठवते तेव्हा ती पुन्हा सिबिलकडे जाते. त्यामुळे दुरुस्ती बँकेच्या खात्यात व्हायला हवी. बाकी सगळं त्यानंतर.

आधी बघा, ही चूक आहे का?

हे कटू वाटेल, पण यावर कितीतरी लोकांचे महिने वाया जातात. रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' असं लिहून आलं असेल तर ती चूक नाही. १ लाख ४२ हजार देणं होतं आणि बँकेने ६० हजारांवर मिटवलं, तर बँक 'सेटल्ड' असंच कळवणार. 'क्लोज्ड' हा शब्द पूर्ण रक्कम फेडणाऱ्याच्या खात्याला लागतो. वसुलीचा एजंट फोनवर "सर, सगळं क्लिअर होऊन जाईल, स्कोअर वाढेल" म्हणाला असेल, पण त्याच्या बोलण्याला कागदावर काही किंमत नाही.

'रिटन ऑफ' या नोंदीचंही तसंच. याचा अर्थ कर्ज माफ झालं असा होत नाही. बँकेने आपल्या हिशेबात ते बुडीत धरलं, एवढाच त्याचा अर्थ. वसुलीचा हक्क बँकेकडे राहतोच. कार्ड आधी राइट-ऑफ झालं आणि मग तुम्ही तडजोड केली, तर स्टेटस 'पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड' असं यायला हवं. तुमच्याकडे पत्र असूनही अजून नुसतं 'रिटन ऑफ' दिसत असेल तर ती मात्र खरी चूक आहे आणि ती दुरुस्त करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

तिसरी गोष्ट डीपीडीची. डीपीडी म्हणजे देय तारखेनंतर पैसे किती दिवस थकले त्याचा आकडा. सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली गेल्या ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन असतात आणि प्रत्येकात हा आकडा असतो. ज्या महिन्यांत तुम्ही खरोखर पैसे भरले नव्हते त्यांचे आकडे सेटलमेंटमुळे पुसले जात नाहीत. ते पुसून देतो म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय. पण सेटलमेंटचा शेवटचा हप्ता भरल्यानंतरच्या महिन्यांतही डीपीडी चढत असेल, तर ती चूक आहे.

म्हणजे तुम्ही ठामपणे मागू शकता ते इतकंच: चालू बाकी शून्य, ओव्हरड्यू शून्य, स्टेटस खरं, तारीख खरी आणि सेटलमेंटनंतर एकही दिवस थकीत नाही. एवढं झालं तरी फाईल पुढे सरकते. कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला जुनं 'सेटल्ड' खातं समजावून सांगता येतं. जिवंत थकबाकी समजावून सांगता येत नाही.

रिपोर्टमधला आकडाच कारण सांगतो

भारतात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून या प्रत्येक कंपनीने वर्षाकाठी एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून तो घ्या. मोबाईलवरच्या ॲपमध्ये दिसतो तो बहुतेक वेळा एखाद्याच कंपनीचा सारांश असतो आणि त्यात नेमके हवे ते रकाने नसतात.

रिपोर्ट उघडला की स्कोअरकडे बघत बसू नका. ३०० ते ९०० मधला तो आकडा नोंदींतून निघतो, आणि आपल्याला नोंद दुरुस्त करायची आहे. सरळ त्या कार्डाच्या चौकटीत जा आणि पाच गोष्टी कागदावर उतरवा: मेंबरचं (म्हणजे माहिती पाठवणाऱ्या बँकेचं किंवा संस्थेचं) नाव, करंट बॅलन्स, अमाउंट ओव्हरड्यू, डेट रिपोर्टेड आणि स्टेटस.

एका शिक्षिकेच्या रिपोर्टचं उदाहरण घेते. देणं होतं १,४२,६००. तडजोड ६०,००० वर ठरली, २०,००० चे तीन हप्ते, तिन्ही वेळेत भरलेले. रिपोर्टमध्ये करंट बॅलन्स ८२,६००, ओव्हरड्यूही ८२,६००, सेटलमेंट अमाउंटचा रकाना कोरा, स्टेटसही कोरं. १,४२,६०० मधून ६०,००० वजा करून बघा. बरोबर ८२,६०० उरतात. म्हणजे बँकेने माफ केलेली रक्कम जशीच्या तशी येणं म्हणून उभी होती. कार्ड सिस्टीमने तिचे तीन हप्ते 'पार्ट पेमेंट' म्हणून जमा केले आणि माफीची एंट्री कुणी टाकलीच नाही. सेटलमेंट मंजूर करणारा विभाग वेगळा, खातं चालवणारा विभाग वेगळा, आणि एकाचं पत्र दुसऱ्यापर्यंत पोचलेलं नाही. या प्रकरणांमध्ये मला सर्वांत जास्त वेळा दिसणारं कारण हेच.

आकडा माफीच्या रकमेपेक्षा मोठा असेल आणि दर रिपोर्टमध्ये वाढत असेल, तर खात्यावर व्याज आणि लेट फी अजून लागतेय. म्हणजे खातं सेटल्ड म्हणून बंदच केलेलं नाही.

आकडा अगदी लहान असेल, ५९० किंवा १,१८० सारखा, तर ती बहुधा फी आहे. ५०० वर १८ टक्के जीएसटी ९०, म्हणून ५९०. १,००० वर १८०, म्हणून १,१८०. सेटलमेंटनंतर कार्डाची वार्षिक फी किंवा लेट फी पडलेली असते आणि ती मग वर्षभर थकीत म्हणून चालत राहते. एवढ्याशा रकमेसाठी लोक "भरून टाकू" म्हणतात. माझं मत वेगळं आहे. सेटलमेंटनंतर लागलेली फी बँकेनेच उलटवायला हवी, ते लेखी मागा. भरलीत तर खातं चालू असल्याचा आणखी एक पुरावा तयार होतो आणि पुढच्या वर्षी तीच फी पुन्हा लागते.

बाकी शून्य, ओव्हरड्यू शून्य, फक्त स्टेटस चुकीचं असेल तर प्रकरण सोपं आहे. त्याला वेळही कमी लागतो.

एकच कार्ड, दोन नोंदी

इथे थोडं थांबून बघा, कारण "दुरुस्त झालं होतं, पुन्हा आलं" म्हणणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत जुनी नोंद परत आलेलीच नसते. ती दुसरीच नोंद असते.

कार्ड हरवलं किंवा बँकेने बदलून दिलं की नंबर बदलतो. जुन्या नंबरचं खातं बंद म्हणून कळवायचं राहिलं तर एकच देणं रिपोर्टमध्ये दोनदा दिसतं. सेटलमेंटच्या पत्रात मात्र नवाच नंबर असतो. दुसरा प्रकार कार्डावर घेतलेल्या कर्जाचा. मर्यादेच्या आत किंवा मर्यादेबाहेर बँका कार्डावर हप्त्याचं कर्ज देतात आणि रिपोर्टमध्ये ते स्वतंत्र खातं म्हणून येऊ शकतं. एजंट सांगतो "सगळं मिळून ६० हजार", पण पत्रात नाव फक्त कार्डाचं. कर्जाचं खातं थकीतच राहतं. ज्यांचं सेटलमेंट अजून व्हायचं आहे त्यांनी पत्रात सगळे खाते क्रमांक लिहून घेतल्याशिवाय पहिला हप्तासुद्धा भरू नये. ज्यांचं होऊन गेलं आहे त्यांनी बँकेकडून तडजोडीत कोणती खाती धरली होती ते लेखी मागावं.

तिसरा प्रकार जास्त किचकट. जुनी थकीत खाती बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना, म्हणजे ज्यांना सगळे एआरसी म्हणतात त्यांना, विकतात. मग रिपोर्टमध्ये मेंबर म्हणून एआरसीचं नाव येतं आणि कधीकधी बँकेची जुनी चौकटही बाकीसकट तशीच राहते. देणं एक, चौकटी दोन, थकबाकी दुप्पट. इथे नियम असा लक्षात ठेवा: ज्या चौकटीत बाकी दिसते, त्या चौकटीवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे तक्रार. खातं विकलं असेल तर बँकेने आपल्याकडची बाकी शून्य दाखवायला हवी, आणि नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा दाखला, एआरसीच्या लेटरहेडवर हवं. तुम्ही बँकेला पैसे भरले आणि खातं त्याआधीच विकलेलं होतं असं निघालं, तर बँकेकडे विक्रीची तारीख लेखी मागा. सगळा वाद त्या एका तारखेवर ठरतो.

पॅन किंवा नावाच्या गोंधळामुळे दुसऱ्याच माणसाचं कार्ड आपल्या रिपोर्टमध्ये येतं, हेही घडतं. तिथे 'हे खातं माझं नाही' अशी तक्रार करायची. सेटलमेंटचा विषय त्यात आणूच नका.

तुमच्या हातातलं पत्र नेमकं कोणतं?

फाईल घेऊन येणाऱ्या बहुतेकांकडे एकच कागद असतो, सेटलमेंट लेटर. तो बँकेचा प्रस्ताव असतो: या तारखांपर्यंत इतके पैसे भरा, मग उरलेली रक्कम आम्ही सोडू. पैसे भरल्याचा तो पुरावा नव्हे. भरल्यानंतर मिळतं ते नो ड्यूज सर्टिफिकेट. ते नसेल तर सगळ्यात आधी तेच मागवा, नाहीतर तक्रारीला पाय राहत नाहीत.

प्रस्तावाच्या पत्रातल्या तारखा नीट वाचा. एखादा हप्ता ठरलेल्या तारखेनंतर गेला असेल तर तडजोड रद्द, अशी अट बहुतेक पत्रांत असते. तसं झालं असेल तर बँक दाखवत असलेली थकबाकी तिच्या बाजूने बरोबर ठरते. मग 'चूक दुरुस्त करा' असा अर्ज करून उपयोग नाही. उशीर का झाला ते सांगून, पैसे स्वीकारल्याकडे बोट दाखवून तडजोड कायम करण्याची विनंती करायची. नियम आणि विनंती यांची गल्लत करू नका. विनंतीला नकार आला तर पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी यंत्रणा) फारसं काही हाती लागत नाही.

पैसे एजंटच्या हातात रोख दिले असतील तर पावती शोधा. पावती नसेल तर ते पैसे खात्यात आले हे सिद्ध करणं फार अवघड जातं. ऑनलाइन भरले असतील तर प्रत्येक हप्त्याचा यूटीआर क्रमांक (त्या ऑनलाइन व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणि आपल्या पासबुकातली ती नोंद काढून ठेवा.

तक्रार दोन्हीकडे, एकाच दिवशी

फक्त सिबिलच्या संकेतस्थळावर डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाकला तर काय होतं? सिबिल तो बँकेकडे पाठवतं. बँकेचा माणूस कार्ड सिस्टीम उघडतो, तिथे ८२,६०० बाकी दिसते, आणि तो 'माहिती बरोबर आहे' असं कळवून मोकळा होतो. सिबिलला बँकेच्या संमतीशिवाय आकडा बदलता येत नाही. बँकेने एकदाच हाताने दुरुस्ती कळवली असेल तर रिपोर्ट सुधारतो, पण सिस्टीममधली बाकी तशीच राहते. बँका १ जानेवारी २०२५ पासून किमान दर पंधरवड्याला आपली माहिती चारही कंपन्यांना पाठवतात. पुढची फाईल गेली की दुरुस्तीवर जुना आकडा पुन्हा बसतो. शिवाय दुरुस्ती एकाच कंपनीकडे केलेली असेल तर बाकीच्या तिघांकडे चूक तशीच राहते. घराचं कर्ज देणारी संस्था कोणत्या कंपनीचा रिपोर्ट काढेल ते आपल्या हातात नसतं.

म्हणून बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल आणि क्रेडिट कंपनीकडे डिस्प्यूट, दोन्ही एकाच दिवशी करा. डिस्प्यूट टाकायला पैसे लागत नाहीत. ईमेल इंग्रजीत असो वा मराठीत, मजकूर असा हवा:

"माझ्या क्रेडिट कार्ड खात्याची (शेवटचे चार अंक …) थकबाकी आपल्या दि. … च्या पत्रानुसार रु. ६०,००० ला मिटली. तिन्ही हप्ते ठरलेल्या तारखांना भरले आहेत, यूटीआर क्रमांक सोबत आहेत. आपलं नो ड्यूज सर्टिफिकेट दि. … चं आहे. तरीही दि. … च्या क्रेडिट रिपोर्टमध्ये (रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर …) या खात्यावर रु. ८२,६०० बाकी व तेवढीच थकबाकी दिसते. कृपया आपल्या कार्ड सिस्टीममध्ये माफ रकमेची नोंद करून बाकी शून्य करावी. त्यानंतर चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना खातं सेटल्ड, बाकी शून्य, थकबाकी शून्य असं कळवावं. सेटलमेंटनंतरच्या महिन्यांचे डीपीडी काढावेत. सिस्टीममध्ये नोंद कोणत्या तारखेला केली ते लेखी कळवावं. नुकसानभरपाई लागू झाल्यास जमा करण्यासाठी माझ्या बँक खात्याचा तपशील सोबत देत आहे."

यातलं 'सिस्टीममध्ये नोंद करून' हे वाक्य आणि तारीख लेखी मागणं, या दोन गोष्टी वगळू नका. माझ्या अनुभवात चूक परत येते की कायमची जाते ते इथेच ठरतं. "माझा सिबिल दुरुस्त करा" असं मोघम लिहिलं की बँक मोघम उत्तर देते.

रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाबाबतचे निर्देश २०२२ पासून लागू आहेत. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की थकबाकीदार म्हणून कळवलेल्या ग्राहकाने देणं मिटवलं, तर कार्ड देणाऱ्याने ३० दिवसांत नवी स्थिती क्रेडिट कंपनीला कळवायची. थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी ७ दिवसांची सूचना ग्राहकाला द्यायची, असंही त्यात आहे. हे दोन्ही मुद्दे ईमेलमध्ये एकेका ओळीत लिहा.

दिवसाला १०० रुपये

हा नियम फार कमी लोकांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेला हा नियम सहा महिन्यांनी, एप्रिल २०२४ च्या अखेरीस, लागू झाला. बँकेकडे किंवा क्रेडिट कंपनीकडे पहिली तक्रार केल्यापासून ३० दिवसांत, सुट्ट्या धरून, ती सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये नुकसानभरपाई मिळते. क्रेडिट कंपनीने कळवल्यापासून २१ दिवसांत बँकेने सुधारित माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेने द्यायची. बँकेने वेळेत पाठवली आणि क्रेडिट कंपनीनेच उशीर केला तर कंपनीने द्यायची. तक्रार सुटल्यावर पाच कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात यायला हवी.

समजा १ जूनला तक्रार केली. ३० दिवस १ जुलैला संपले. दुरुस्ती १० ऑगस्टला झाली. उशीर ४० दिवसांचा, रक्कम ४,००० रुपये. रक्कम मोठी नाही, पण ईमेलमध्ये हा हिशेब मांडला की तक्रार वरच्या माणसाकडे लवकर जाते. स्कोअर कमी का आला, स्कोअर कसा काढतात, अशा तक्रारींना ही भरपाई लागू नाही. म्हणून तक्रारीत स्कोअरबद्दल अक्षरही लिहू नका.

तक्रार फेटाळली तर कारण कळवणं बँकेवर आणि क्रेडिट कंपनीवर बंधनकारक आहे. "डेटा व्हेरिफाइड" हे कारण होत नाही. कोणत्या कागदाच्या आधारे बाकी येणं आहे ते विचारा आणि त्या खात्याचं सेटलमेंटच्या महिन्यापासूनचं स्टेटमेंट मागा. स्टेटमेंट आलं की तुमचे हप्ते कसे जमा झाले आणि माफीची एंट्री आहे की नाही हे एका नजरेत दिसतं.

बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडूनही (तक्रारींसाठी नेमलेला वरिष्ठ अधिकारी) काम झालं नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही. पोर्टल जमत नसेल तर चंडीगढच्या केंद्राकडे टपालाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत, त्यामुळे चूक बँकेची की कंपनीची हा घोळ तुम्हाला सोडवत बसावा लागत नाही. फक्त एक पाळा: आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे आणि तिची पोच जोडली पाहिजे. थेट लोकपालाकडे गेलं की तक्रार पहिल्याच टप्प्यावर परत येते.

या वाटेवर कुठेतरी "१० हजारांत सिबिल साफ करून देतो" म्हणणारी माणसं भेटतीलच. ती हाच डिस्प्यूट तुमच्या नावाने टाकतात, तुमचा ओटीपी आणि पॅन घेऊन. त्यांना एक रुपयाही देऊ नका.

गृहकर्जाची फाईल आत्ता अडकली असेल तर

दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते आणि चूक तर सगळीकडे तीच दिसणार आहे. त्याच बँकेला नो ड्यूज सर्टिफिकेट, यूटीआर आणि तक्रारीची पोच द्या आणि दुरुस्ती होईपर्यंत फाईल बंद न करता थांबवायला सांगा. कागद पूर्ण असतील तर बरेच अधिकारी थांबतात. डिस्प्यूट चालू असताना रिपोर्टमध्ये त्या खात्यावर तशी खूणही दिसते.

'सेटल्ड' चं 'क्लोज्ड' करून घ्यावं का, हाही प्रश्न याच वेळी येतो. माफ झालेली रक्कम भरायची तयारी असेल तर बँकेला तसं विचारता येतं. माफी १५-२० हजारांची असेल आणि वर्ष-दोन वर्षांत घर घ्यायचं असेल, तर मी भरा म्हणेन. पण आधी बँकेच्या लेटरहेडवर 'उर्वरित रक्कम भरल्यावर खातं क्लोज्ड म्हणून कळवू' हे लिहून घ्या. पैसे थेट कार्ड खात्यात भरा आणि नंतर नवं नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या. माफी लाखभराची असेल तर तेवढे पैसे घराच्या स्वतःच्या हिश्श्यात घातलेले बरे. क्रेडिट कंपन्या ही माहिती किमान ७ वर्षं ठेवतात आणि या काळात नवी देणी वेळेवर फेडली की जुन्या 'सेटल्ड' चं वजन कमी होत जातं.

दुरुस्त झाल्यावर

दुरुस्त झालेला रिपोर्ट त्याच दिवशी डाउनलोड करा. चूक परत आली तर हा रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवूनच तक्रार करायची असते. त्यानंतर निदान दोन पंधरवडे जाऊ द्या आणि दुसऱ्या कंपनीचा फुकट रिपोर्ट काढा, मग महिन्याभराने तिसऱ्या कंपनीचा. चारही फुकटचे रिपोर्ट एकाच दिवशी काढले की वर्षभर तपासायला काही उरत नाही.

बँकेत आणि क्रेडिट कंपनीकडे तुमचा चालू मोबाईल नंबर नोंदवलेला असू द्या. थकबाकीची माहिती क्रेडिट कंपनीला पाठवताना ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल करणं बँकांना २०२३ पासून सांगितलेलं आहे. सेटलमेंटनंतर असा मेसेज आला तर रिपोर्टची वाट बघू नका. त्याच दिवशी जुन्या तक्रारीचा क्रमांक, बँकेने कळवलेली नोंदीची तारीख आणि दुरुस्त रिपोर्ट जोडून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांची मोजणी या नव्या तक्रारीच्या तारखेपासून सुरू होते.